पंख्यांचा आवाज न वाढवता प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, करायचे ठरले की बहुतेकांचे पहिले लक्ष मोठ्या कूलरकडे जाते. पण मशीन थंड आणि शांत ठेवायचे असेल तर सुरुवात व्होल्टेजपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज ५ टक्क्यांनी उतरवले तर त्याच वेगाला सुमारे १० टक्के कमी वीज लागते, आणि तेवढी उष्णता पंख्यांना बाहेर काढावीच लागत नाही.

उदाहरणासाठी एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स घेऊ. २०२० साली आलेल्या या सहा कोअरच्या (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या सहा भागांच्या) प्रोसेसरचा कमाल बूस्ट, म्हणजे गरजेनुसार आपोआप गाठला जाणारा वरचा वेग, ४.६ गिगाहर्ट्झ असून कंपनीने सॉकेटच्या विजेची मर्यादा, म्हणजे पीपीटी, ७६ वॉट ठेवली आहे. सगळ्या कोअरना एकच ठरावीक वेग देण्याची जुनी पद्धत येथे वापरू नये, कारण त्यामुळे एखाद्याच कोअरवर काम चालू असताना मिळणारा वरचा बूस्ट हातचा जातो. पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह), म्हणजे विजेच्या मर्यादा वाढवून प्रोसेसरला स्वतःच जास्त बूस्ट घेऊ देणारी एएमडीची सोय, आणि त्यातील कोअरचे व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारा कर्व्ह ऑप्टिमायझर हा योग्य मार्ग आहे. ए५२० चिपसेटच्या मदरबोर्डवर ओव्हरक्लॉकिंगची सोय नसते. बी५५० किंवा एक्स५७० असावा. पीबीओमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे.

काहीही बदलण्यापूर्वी प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा सिनेबेंच हा प्रोग्रॅम दहा मिनिटे चालवून, सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसणारे तापमान, वेग, वॉट आणि त्या वेळचे खोलीचे तापमान लिहून ठेवावे. खोलीच्या तापमानाशिवाय ही नोंद निरुपयोगी ठरते; नागपूरच्या मे महिन्यातील आकड्यांची डिसेंबरमधल्या आकड्यांशी तुलना होऊ शकत नाही.

नंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) पीबीओ ‘अ‍ॅडव्हान्स्ड’वर न्यावे. पीपीटी ‘मदरबोर्ड’वर सोडल्यास मर्यादा जवळजवळ उरतच नाही, म्हणून ती स्वतः ९५ वॉटच्या आसपास बांधावी. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये ‘पर कोअर’ आणि ‘निगेटिव्ह’ निवडून प्रत्येक कोअरला १० पायऱ्या द्याव्यात. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उत्तम ठरवलेल्या दोन कोअरना कारखान्यातूनच व्होल्टेज बेताचे मिळालेले असते, त्यामुळे ते फार खाली जात नाहीत. बाकीचे पुष्कळदा २० ते ३० पर्यंत जातात. वेगाची मर्यादा वाढवणारा बूस्ट ओव्हरराइड सगळ्यात शेवटी, ५०-५० मेगाहर्ट्झने वाढवावा; तो २०० च्या पुढे जात नाही.

चाचणीच्या बाबतीत घाई करू नये. सर्व कोअरवर जड काम चालू असताना वेग खाली असतो आणि चुकीचे व्होल्टेज निभावून जाते. मशीन अचानक रीस्टार्ट होते ते बहुधा हलक्या कामात, जेव्हा एकच कोअर कमाल वेग गाठतो. म्हणून कोअरसायकलरने एकेक कोअर रात्रभर तपासावा. जो कोअर चुकेल त्याचा आकडा ३ ते ५ पायऱ्यांनी मागे घ्यावा, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’ची (WHEA-Logger, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांची) नवी नोंद येणे पूर्ण थांबेपर्यंत समाधान मानू नये.

आता पंखे. या प्रोसेसरचे कोअर सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यावर दाटीने बसलेले आहेत. ब्राउझर उघडताच तापमान क्षणात १५ अंशांनी उसळते आणि तितक्याच लवकर उतरते. कूलरचे धातूचे पाते मात्र तोवर गरमही झालेले नसते. पंख्याने या उसळीमागे धावण्यात काहीच अर्थ नाही, आणि सतत वरखाली होणारा आवाज कानाला एकसारख्या आवाजापेक्षा जास्त खुपतो. त्यासाठी बायोसमध्ये पंख्याचा वेग बदलण्याला काही सेकंदांचा विलंब द्यावा. ६० अंशांपर्यंत वेग स्थिर, ८० पर्यंत हळूहळू चढता आणि ९० ला पूर्ण ठेवावा, कारण ९५ ही या प्रोसेसरची मर्यादा आहे. कॅबिनेटमध्ये एका वेगवान पंख्याऐवजी सावकाश फिरणारे दोन पंखे लावावेत: वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि तसाच दुसरा पंखा जोडल्याने तो फक्त ३ डेसिबलने वाढतो.

बायोस अपडेट केल्यावर ही सर्व मूल्ये बहुधा पुसली जातात, म्हणून प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. चुकीच्या मूल्याने मशीन सुरूच झाले नाही, तर वीज बंद करून सीएमओएस क्लिअर करावा, म्हणजे बायोसची साठवलेली मूल्ये पुसून मूळ स्थितीत आणावीत.