हेडशॉट काढायला जाण्याआधीचे पंधरा दिवस

बडोद्याहून मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास, अहमदाबाद शंभरेक. म्हणजे काम हिंदी असो, मराठी असो की गुजराती, कास्टिंग करणाऱ्याला, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणाऱ्याला, तुमच्याआधी तुमचा हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचा जवळून काढलेला फोटो, भेटतो. फोटो पाहून त्याने बोलावलं, तुम्ही पहाटेची गाडी धरून गेलात, आणि दारातून आत आलेला माणूस फोटोतल्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, वेगळ्या केसांचा आणि वेगळ्या रंगाचा निघाला, तर तो फेरा फुकट जातो. उद्या सकाळी तुम्ही जसे दिसाल तसंच हेडशॉटमध्ये दिसायला हवं, फक्त झोप पुरी झालेली आणि उजेड नीट पडलेला. ही तयारी स्टुडिओत होत नाही, आधीच्या पंधरा दिवसांत होते.

आधी कुठला फोटो हवा आहे ते ठरवा. बडोद्यात सुरसागर तलावाजवळची विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी म्हणजे मुळात १८८६ सालची गायनशाळा. आज तिथे गाणं, वाद्य, नृत्य आणि नाटक सगळंच शिकवतात, आणि शेवटच्या वर्षाला आलेल्या प्रत्येकाला फोटो लागतो. पण तानपुऱ्याशेजारी बसलेली गायिका किंवा पूर्ण साजातली भरतनाट्यम नर्तकी हा कार्यक्रमपत्रिकेचा फोटो झाला. हेडशॉटमध्ये फक्त चेहरा आणि खांदे असतात, आणि त्यात भूमिका नसते. दोन्ही एकाच दिवशी उरकायचे असतील तर हेडशॉट आधी काढा. नृत्याचा जाड मेकअप पुसल्यावर त्वचा लाल होते, डोळ्यांभोवती काजळाची कड उरते, आणि तासाभरात ती जात नाही. कास्टिंगसाठी बहुतेक वेळा समोरून जवळचा, कमरेपर्यंतचा, पूर्ण उंचीचा आणि दोन्ही बाजूंचे असे फोटो मागतात. पहिला चांगला असेल तरच बाकीचे उघडले जातात, म्हणून पुढचं सगळं त्या पहिल्याबद्दल.

तारीख

तारीख घेताना बडोद्याचे सण समोर ठेवा. उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारीचे दोन दिवस अगाशीवर (गच्चीवर) पतंग उडवण्यात गेले की चेहरा रापतो आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचा उजळ पट्टा राहतो. मेकअपने तो झाकला तर चेहऱ्याचा रंग मानेशी जुळत नाही. त्यानंतर दोन-तीन आठवडे तारीख घेऊ नका. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळल्यावर डोळ्यांखाली जे दिसतं ते एका झोपेत भरून निघत नाही, निदान आठवडा जाऊ द्या. धुळवडीचा रंग आपल्याला गेलासा वाटतो, पण केसांच्या मुळाशी, कानामागे आणि नखांच्या कडेला तो कॅमेऱ्याला दिसतो. एप्रिल-मेमध्ये स्टुडिओत पोहोचेपर्यंतच चेहरा लाल होतो, पावसाळ्यात केस ऐकत नाहीत. राहिला नोव्हेंबरच्या शेवटापासून उत्तरायणापर्यंतचा काळ, आणि मग फेब्रुवारी. वेळ सकाळी दहाच्या सुमाराची घ्या. उठल्यावर चेहऱ्याला थोडी सूज असते, ती उतरायला दोन-तीन तास लागतात.

फोटोग्राफर

इथे लग्नाचे फोटोग्राफर भरपूर आहेत आणि आपल्या कामात तरबेज आहेत. पण लग्नात गुळगुळीत, उजळ त्वचा हीच मागणी असते, आणि ती सवय हेडशॉट बिघडवते. त्यांनी काढलेले दहा वेगवेगळ्या माणसांचे चेहरे पाहायला मागा. दहाही एका साच्यातून काढल्यासारखे दिसले, सगळ्यांची त्वचा सारखीच मेणासारखी असली, तर दुसरीकडे जा. प्रत्येकाचे डोळे वेगळं काही सांगत असतील तर माणूस बरोबर आहे.

फोनवरच विचारून घ्या: किती वेळ मिळेल (दीड-दोन तासांपेक्षा कमी नको), किती कपडे बदलता येतील (तीन पुरे), किती फोटो रिटच करून (कॉम्प्युटरवर डाग वगैरे काढून) मिळतील, बाकीचे सगळे पाहायला मिळतील का. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणून सही करायला दिलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. आणि 'काम पक्कं आहे, फक्त आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करून घ्या' असं कुणी सांगितलं तर तिथे एक रुपयाही देऊ नका. खरं कास्टिंग करणारा नटाकडून पैसे घेत नाही.

केस आणि त्वचा

नवं फेशियल, नवं क्रीम, नवा साबण, काहीही नवं शेवटच्या दहा दिवसांत नको. पुरळ उठायचं असेल तर ते नेमकं याच काळात उठतं. केस सात ते दहा दिवस आधी कापा. ताज्या कापलेल्या केसांची कड कपाळावर आणि कानांवर रेघेसारखी दिसते. केसांना डाय लावत असाल तर चार-पाच दिवस आधी लावा, म्हणजे कातडीवरचे डाग निघून जातील. थ्रेडिंग तीन दिवस आधी. केस आदल्या दिवशी धुवा आणि त्या रात्री तेल लावू नका. तेलाने केस डोक्याला चिकटतात आणि कपाळ चमकतं.

टिकली रोज लावत असाल तर दोन दिवस आधीपासून बंद करा. डिंकाखालची कातडी गोल डागासारखी वेगळी दिसते आणि जवळच्या फोटोत तो डाग सरळ नजरेत येतो. टिकलीचे फोटो हवे असतील तर ते शेवटी वेगळे काढा.

पुरुषांनी दाढी राखून जावं. पहिले फोटो दाढीत, मग ट्रिम करून, शेवटचे गुळगुळीत. उलट क्रमाने जमत नाही, एवढं साधं असून निम्मे जण सकाळी घरूनच दाढी करून येतात. केसांचंही तसंच: आधी मोकळे, मग बांधलेले, कारण रबराची घडी पडली की ती जात नाही.

आदल्या रात्री सेव-उसळ, लीला चिवडा, लोणचं-पापड टाळा. खारट खाल्ल्याने शरीर पाणी धरून ठेवतं आणि सकाळी पापण्या जड होतात.

कपडे

इथे घाई करू नका. फोटोत चेहऱ्याला लागून काही असतं तर ते कपडाच.

एकरंगी, मध्यम गडद रंग घ्या: विटकरी, मोरपंखी, बाटलीचा हिरवा, जांभळट, निळा. पांढऱ्याशुभ्र कापडावर उजेड उसळतो आणि आधी कपडाच दिसतो. काळ्या मागच्या पडद्यासमोर काळा कपडा घातला तर मुंडकं हवेत तरंगतं. बारीक चौकडी आणि बारीक रेघा कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या जाळीशी जुळत नाहीत, मग कापडावर लाटांसारखे पट्टे उमटतात आणि ते काढणं किचकट जातं. बांधणी सुंदर असते, पण बघणारा ठिपके मोजत बसतो. जरीकाठ गळ्याजवळ आला तर हनुवटीखाली पिवळी झाक मारतो. चकाकणारं पॉलिस्टर नको; सुती, खादी किंवा जाडसर होजिअरी चांगली पडते.

घरी पारखून घ्या. मेकअप न करता खिडकीसमोर उभे राहा, एकेक कपडा हनुवटीखाली धरा, समोरच्याला फोनवर फोटो काढायला सांगा. मग तो फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा लहान करून पाहा, कारण कास्टिंगवाल्याच्या फोनवर तो तेवढाच दिसणार आहे. पहिल्यांदा डोळे दिसले तर कपडा ठेवा. कपडा दिसला तर परत कपाटात.

गळा गोल किंवा साधा व्ही, कानात काही असलंच तर खड्याएवढं. नथ, हार, मोठे झुमके नकोत. नऊवारीतला किंवा धोतर-पगडीतला फोटो त्याच भूमिकेची मागणी आली तर वेगळा पाठवता येतो. नवीन कपडा आधी एकदा धुऊन, घालून, बसून पाहा. खळ असलेला कुर्ता खांद्यावर तंबूसारखा उभा राहतो. कपडे घडी करून पिशवीत कोंबू नका, इस्त्री करून हँगरवर न्या.

रोज चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट आणि चष्म्याशिवाय असे दोन्ही काढा. काचेत दिव्याचं पांढरं पडतं, म्हणून त्याच फ्रेमची जुनी, काच काढलेली फ्रेम असेल तर तीच न्या. चष्म्याशिवायचे आधी काढायचे असतील तर अर्धा तास आधीच चष्मा उतरवा. नाकावरच्या खुणा तेवढ्या वेळात जातात.

मेकअप

कमी. फाउंडेशनचा रंग मानेशी जुळवा, आणि ट्यूबलाइटखाली नाही, दारात दिवसाच्या उजेडात पाहा. त्या दिवशी सनस्क्रीन आणि सनस्क्रीन असलेली पावडर टाळा: त्यातलं झिंक किंवा टायटॅनियम फ्लॅशचा उजेड परतवतं, आणि आरशात ठीक दिसणारा चेहरा फोटोत पिठासारखा पांढरा येतो. चेहरा तेलकट होत असेल तर टिश्यू दाबून धरा, चोळू नका. पावडरचे थर चढवत राहिलात तर डोळ्यांखालच्या बारीक रेघांत ती बसते. ओठांना लिप बाम, पण आदल्या रात्री. फोटोच्या वेळी चकाकी नको. पुरुषांनाही कपाळ आणि नाकासाठी टिश्यू लागतो.

पिशवीत कंगवा, काळ्या पिना, सेफ्टी पिना, टिश्यू, कपड्यावरचे तंतू काढायला चिकटपट्टी, ट्रिमर, पाणी आणि साधं काही खायला. कार्यक्रमाच्या पर्समधून नेलेल्या पिना सोनेरी नाहीत ना ते पाहून घ्या.

चेहरा

रंगभूमीवर काम केलेल्यांचे फोटो एका ठरावीक जागी चुकतात. महात्मा गांधी नगरगृहासारख्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोहोचवायची सवय लागलेली असते, भुवया आणि ओठ जास्त काम करतात. इथे चौकट वितभर आहे. काम डोळ्यांत व्हायला हवं, आणि डोळ्यांना विचार लागतो. 'हसा' म्हटल्यावर ओठ हसतात, खालची पापणी हलत नाही, आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं.

म्हणून चार-पाच वाक्यं घरून ठरवून न्या, प्रत्येक वाक्य एका खऱ्या माणसाला उद्देशून. 'पोहोचले गं आई, जेवलेय.' 'दादा, तू खोटं बोलतोयस, मला माहीत आहे.' 'सर, अजून एकदा करून दाखवू?' मनात म्हणा आणि वाक्य संपल्यावर समोरच्याचं उत्तर ऐका. फोटो ऐकतानाचा चांगला येतो, बोलतानाचा नाही. ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता त्या भाषेत म्हणा. काम गुजराती किंवा हिंदी असलं तरी चालतं.

शरीराच्या दोन गोष्टी. हनुवटी वर उचलू नका. कपाळ दोन बोटं कॅमेऱ्याकडे न्या आणि हनुवटी किंचित खाली. विचित्र वाटतं, पण जबड्याची रेघ स्वच्छ येते. श्वास रोखू नका, सोडता सोडता फोटो द्या. श्वास धरला की मानेच्या शिरा उभ्या राहतात. डोळे सारखे मिटत असतील तर मुद्दाम मिटा, फोटोग्राफरने तीन म्हटल्यावर उघडा.

सराव आरशासमोर नको, आरशात आपण स्वतःलाच तपासत राहतो. फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवा, दोनपट झूम लावा आणि दीड-दोन मीटरवर उभे राहा. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक मोठं आणि कान लहान दिसतात, तो तुमच्या चेहऱ्याचा दोष नाही, अंतराचा आहे. याच कारणाने स्टुडिओतही ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स वापरतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराची ओसरी यासाठी उत्तम: सावलीच्या कडेला, तोंड उघड्या आकाशाकडे करून उभे राहा, डोळ्यांत उजेडाचा पांढरा ठिपका दिसतो का पाहा. तो नसेल तर डोळे विझलेले दिसतात. शेजारची भिंत हिरवी किंवा पिवळी असेल तर तिचा रंग गालावर उतरतो, तिथून सरका.

निवड आणि फाइल

निवड त्याच दिवशी करू नका, आणि एकट्याने तर नकोच. घरचे तुम्ही सुंदर दिसता तो फोटो निवडतील. तुमच्या दिग्दर्शकाला किंवा सहकलाकाराला विचारा: 'मी कोण वाटतो यात?' दोघांनी सारखं उत्तर दिलं तो फोटो घ्या. रिटचिंगमध्ये पुरळ काढा, कारण पुढच्या आठवड्यात ते नसेल. तीळ, व्रण, सुरकुती राहू द्या, आणि रंग एक छटाही उजळ करू नका.

फाइल जेपीजी, एसआरजीबी रंगात (फोन आणि कॉम्प्युटरच्या पडद्यांची नेहमीची रंगपद्धत). आठ बाय दहा इंचाच्या छपाईसाठी ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, तेवढी मूळ प्रत जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की फाइल दाबून लहान केली जाते आणि बारकावे जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि फाइलच्या नावात आकड्यांऐवजी तुमचं पूर्ण नाव, उंची आणि शहर लिहा. नंतर दाढी काढलीत, केस खांद्यापर्यंत कापलेत किंवा वजनात पाच-सात किलोंचा फरक पडला, तर नवा हेडशॉट होईपर्यंत जुन्यासोबत त्याच सकाळी खिडकीजवळ काढलेला एक साधा फोटो जोडा.