टोमॅटोची चटणी: गर शिजवा, रस कच्चाच ठेवा

‘चटणी घट्ट हवी तर टोमॅटोच्या बिया काढून टाका’ हा सल्ला ज्याने काढला त्याला नमस्कार. बियांभोवतीचा तो बुळबुळीत रस मोरीत ओतायचा आणि मग रक्ताची काळजी करत बसायचं! स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेत असीम दत्ता-रॉय यांनी याच रसातले पाण्यात विरघळणारे घटक तपासले. ते प्लेटलेट्सचं, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या बारीक पेशींचं, एकमेकींना चिकटणं कमी करतात. या घटकांच्या अर्कावर ‘प्लेटलेट्सचं चिकटणं सामान्य राहायला मदत होते’ अशा अर्थाचं लिहायला युरोपीय संघाने २००९ साली परवानगी दिली. अर्थात चटणी म्हणजे तो अर्क नव्हे.

अर्धा किलो लालभडक टोमॅटो आडवे कापा. रस-बिया चमच्याने वाटीत काढून ठेवा. साल सोलू नका, टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपिन तिच्यात भरपूर असतं.

दोन चमचे शेंगदाणा तेलात लसूण परतून गर टाका, तिखट-मीठ घाला.

आता खरी कसोटी. लायकोपिन तेलात विरघळतं आणि शिजवल्यावर अंगी जास्त लागतं, म्हणून गर मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचाच. झाकण ठेवलंत तर पाणी आटत नाही; आच वाढवलीत तर तळाला लागतं आणि चटणी कडवट होते. घाई नडते ती इथेच, मीही इथेच अडायचे. कडेने तेल दिसलं, रंग गडद झाला, की गॅस बंद.

रस लगेच ओतू नका. बुडबुडे थांबू द्या, कढई हाताला सोसेल इतकी निवू द्या, मगच घाला. रसातलं क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं. ज्वारीच्या भाकरीतलं लोह शरीरात मुरायला तेच मदत करतं. रसाने चटणी पातळ होणार, तर सोलापुरात उपाय शोधायला लांब जावं लागत नाही: मूठभर शेंगदाण्याचा कूट घाला, पाणी शोषून घेतो. साखर मात्र अजिबात नको.

चटणी त्याच दिवशी संपवा, कच्च्या रसामुळे ती टिकत नाही. जेवणावर लगेच चहाही नको, तो लोह अडवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चटणीच्या भरवशावर एकही चुकवू नका. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी टोमॅटोतल्या पोटॅशियमचं डॉक्टरांना आधी विचारावं.