वनस्पतींचे अनुक्रमण ओळखताना या चुका टाळा

समशीतोष्ण प्रदेशातील एखादे कुरण, झुडपी रान किंवा पानझडी जंगल पाहताच ते अनुक्रमणाच्या, म्हणजे एकाच जागेवरील वनस्पती काळानुसार बदलत जाण्याच्या, कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगण्याची घाई विद्यार्थ्यांना होते, तशीच संवर्धनाचे काम करणाऱ्यांनाही होते. त्या जमिनीवर पूर्वी नांगर फिरला होता का, गुरे चरत होती का, आग लावली जात होती का आणि त्यांपैकी काय कधी थांबले, हे विचारल्याशिवाय दिलेले उत्तर बहुधा चुकते आणि त्यावर बेतलेले व्यवस्थापनही फसते.

सर्वांत जुनी चूक म्हणजे क्रम अटळ मानणे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली वनस्पती-समुदायाला वाढून प्रौढ होणारा सजीवच मानले, आणि गवत, झुडपे, जंगल अशी चढती शिडी अभ्यासात रुजली. प्रत्येक जाती आपापल्या गरजेप्रमाणे आणि बी पोहोचण्याच्या योगायोगाने येते, असे त्यांचेच देशबांधव वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री ग्लीसन यांनी १९२६ साली मांडले, तरी शिडीची सवय अजून सुटलेली नाही. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात १८८२ साली ब्रॉडबाल्क शेताच्या एका टोकाचा गहू कापणीविना सोडून तो तुकडा कुंपणाने बंद केला गेला. चार वर्षांत तेथे गव्हाची मोजकी, खुरटलेली रोपे उरली आणि पुढे एका भागात दाट पानझडी जंगल उभे राहिले. शेजारच्या भागातील झाडाझुडपांची रोपे मात्र नियमितपणे उपटली गेली, आणि तो भाग आजही उघडाच आहे. माती तीच, हवामान तेच. फरक पडला तो माणसाच्या हातामुळे. त्यामुळे एखादे कुरण ‘अडकलेले’ दिसले, तर आधी तेथील कापणी आणि चराई तपासावी.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण ती शास्त्रीय पद्धतीच्या रूपात येते. वेगवेगळ्या वयांच्या जागा शेजारी मांडून त्यांतून एकाच जागेचा इतिहास वाचला जातो. अलास्कातील ग्लेशियर बे येथे हिमनदी मागे हटत गेली तसतशा मोकळ्या झालेल्या जमिनींवरून असाच क्रम शिकवला जात असे: आधी नत्र स्थिर करणारी अल्डरची झुडपे, मग स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे जंगल. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या वृक्षवलयांच्या (खोडात दरवर्षी पडणाऱ्या वलयांच्या) अभ्यासातून मात्र असे दिसले, की सर्वांत जुन्या जागांवर स्प्रूस लवकर आला होता आणि अल्डरचा दीर्घ टप्पा फक्त नंतर उघड्या पडलेल्या जागांनी अनुभवला होता. म्हणजे आजची तरुण जागा ही जुन्या जागेचे बालपण असेलच असे नाही. शक्य तेथे वृक्षवलये, मातीतील परागकण, जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रे ताडून पाहावीत.

सोडून दिलेली जमीन आपोआप ‘मूळ’ रूपाला परतते, ही समजूतही तपासून घ्यावी. पश्चिम युरोपातील हीथ या खुरट्या झुडपांची माळराने शतकानुशतकांच्या चराईने, जाळण्याने आणि मुळांसकट मातीचा वरचा थर कापून नेण्याने टिकली. ते काम थांबले की बर्च आणि पाइनची झाडे शिरतात, म्हणून अशा माळाचे संरक्षण म्हणजे तेथून माणसाला हटवणे नव्हे. उलट बाजूने, फ्रान्समधील जंगलांत रोमन काळातील शेतांच्या जागी मातीतील स्फुरद (फॉस्फरस) आणि जंगलतळावरील वनस्पती आजही आजूबाजूपेक्षा वेगळ्या आढळतात. दोन लगतच्या तुकड्यांत कारणाविना फरक दिसत असेल, तर मातीतील स्फुरद मोजून घ्यावे; जुन्या शेतीची खूण त्यातून मिळू शकते.

शेवटी नेहमीची तक्रार: मोठी झाडे आहेत, पण नवी रोपे येत नाहीत. अशा वेळी लगेच रोपे लावू नयेत. हरणांची संख्या वाढली असेल, तर ती आवडीची रोपे खुडतात आणि न खाल्ली जाणारी नेची जमीन व्यापतात. आधी एक लहान तुकडा कुंपणाने बंद करून शेजारच्या उघड्या तुकड्याशी काही हंगाम तुलना करावी. आत रोपे उभी राहिली, तर कारण चराईच आहे. कुंपणाच्या आतही नेच्यांचा दाट थर तसाच राहिला आणि रोपे आली नाहीत, तर आधी तो थर विरळ करावा लागतो, कारण हरणे नसली तरी त्याच्या सावलीत बहुतेक रोपे टिकत नाहीत.