महाराष्ट्रातील फुटबॉलचे संस्मरणीय सामने आणि खेळाडू : नोंदी कशा कराव्यात?

प्रदेशाच्या फुटबॉलचा इतिहास लिहायला घेतला की हात पहिल्यांदा विजेत्यांच्या यादीकडे जातो. यादी हवीच, पण एखादा सामना लोकांच्या मनात का घर करून राहिला, याचे उत्तर तिच्यात सापडत नाही. महाराष्ट्रात हे काम अधिक निकडीचे आहे, कारण इथल्या क्रीडालेखनाचा मोठा भाग क्रिकेटने व्यापला आहे आणि फुटबॉलच्या आठवणी जुन्या वृत्तपत्रांत, घरोघरच्या कात्रणवह्यांत आणि वयोवृद्ध खेळाडूंच्या बोलण्यात विखुरलेल्या आहेत. त्या आताच गोळा केल्या नाहीत, तर त्यांतील बऱ्याचशा कायमच्या हरवतील.

आरंभी व्याप्ती ठरवावी. नेव्हिल डिसूझा मूळ गोव्याचे, परंतु त्यांची कारकीर्द बहरली ती मुंबईत, टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळताना. राहुल भेके मुंबईचे. मात्र १७ मार्च २०१९ रोजी इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, अंधेरीच्या मैदानावर, जादा वेळेची अखेरची काही मिनिटे उरली असताना त्यांनी हेडरने केलेला एकमेव गोल बंगळुरू एफसीला विजेतेपद देऊन गेला. माझ्या मते दोघांनाही स्थान द्यावे आणि प्रत्येकाचा या मातीशी नेमका संबंध काय, हे नोंदीच्या पहिल्याच वाक्यात स्पष्ट करावे. सामन्यांनाही हाच न्याय लावावा : सामना इथे झालेला असावा किंवा इथल्या संघाने अथवा खेळाडूने तो गाजवलेला असावा. संतोष करंडकाच्या, म्हणजे राज्यांच्या संघांमधील राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या, नोंदी शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९५४-५५चे विजेतेपद ‘मुंबई’ या नावावर आहे, तर १९६३-६४, १९९०-९१ आणि १९९९-२०००ची विजेतेपदे ‘महाराष्ट्र’ या नावावर आहेत. केवळ एकच नाव घेऊन शोधणाऱ्याच्या हाती अर्धाच इतिहास लागतो.

सामना निवडताना गोलफलकापेक्षा दोन प्रश्नांना अधिक महत्त्व द्यावे : या सामन्यामुळे पुढे काय बदलले, आणि त्या काळाबद्दल तो आपल्याला काय सांगतो? रोव्हर्स चषक १८९१ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि कित्येक वर्षे तो ब्रिटिश लष्करी पलटणींच्याच हाती राहिला. १९२३ मध्ये मोहन बागानने अंतिम फेरी गाठली, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून ते हरले. हा चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला तो १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स. हे दोन्ही संघ बाहेरचे होते, म्हणून त्यांना वगळणे चुकीचे ठरेल. पलटणींना हरवता येते, हे मुंबईच्या प्रेक्षकांनी याच स्पर्धेत पाहिले. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी हा चषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते, हा धागा नोंदीत यायला हवा.

मैदानाबाहेर घडलेल्या गोष्टीही सामन्याचाच भाग असतात. जून २०१८ मध्ये अंधेरीत झालेल्या आंतरखंडीय चषकाच्या पहिल्या सामन्यात भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले आणि सुनील छेत्रीने हॅट्ट्रिक केली. पण तो पाहायला अवघे २,५६९ प्रेक्षक आले होते. त्यानंतर छेत्रीने चित्रफितीतून लोकांना कळकळीची विनंती केली : आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण मैदानात या. ४ जून रोजी केनियाविरुद्ध, छेत्रीच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, तेच मैदान भर पावसात गच्च भरले आणि भारताने ३-० असा विजय मिळवला. केवळ धावफलकासारखी नोंद करणारा ‘भारत ३, केनिया ०’ एवढेच लिहील आणि या सामन्याचा प्राणच बाहेर राहील. म्हणून प्रेक्षकसंख्या, हवामान आणि मैदानाची अवस्था यांची माहिती मिळेल तेव्हा ती आवर्जून टिपावी.

गौरवाच्या भरात संदर्भ मात्र सुटू देऊ नये. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने चौथा क्रमांक मिळवला, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. तथापि पहिल्या फेरीत हंगेरीच्या माघारीमुळे भारताला पुढे चाल मिळाली होती आणि प्रत्यक्ष मैदानावर जिंकलेला सामना एकच, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा ४-२ असा. त्यात नेव्हिल डिसूझांनी तीन गोल केले आणि ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई फुटबॉलपटू ठरले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच होता. तो सामना भारताने १-४ असा गमावला. ही सगळी हकिगत लिहिल्याने डिसूझांचे मोठेपण उणावत नाही. उलट, यजमान देशाच्या संघाविरुद्ध त्यांनी काय करून दाखवले, ते अधिक ठसठशीत दिसते.

खेळाडूंची निवड करताना गोल करणाऱ्यांची गर्दी होते, ती टाळण्यासाठी गोलरक्षक, बचावपटू आणि प्रशिक्षक यांच्यासाठी आधीच जागा राखून ठेवावी. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटी एफसीने रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीतील भारतीय क्लबचा तो पहिला विजय होता आणि निर्णायक गोल करणारे भेके हे बचावपटू आहेत. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा प्रशिक्षक डेरिक परेरा होते. त्याच क्लबकडून खेळलेले खालिद जमील यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून आयझॉल एफसीला २०१६-१७ची आय-लीग जिंकून दिली. महिंद्र युनायटेडचा संघ २०१० मध्ये बंद झाला. अशा बंद पडलेल्या संघांच्या नोंदी आधी हाती घ्याव्यात, कारण त्यांचे कागद जपणारे कोणीच उरलेले नसते.

कोल्हापूरसाठी मात्र पद्धत बदलावी लागते. तेथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि सामन्याची चर्चा पेठेपेठेत रंगते. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. येथील माहिती मुख्यतः माणसांकडून मिळवावी लागेल. परंतु एकाच सामन्याबद्दल दोन्ही संघांच्या समर्थकांशी स्वतंत्रपणे बोलावे आणि मगच तारीख व गोलसंख्या त्या वेळच्या स्थानिक वृत्तपत्राशी पडताळून पाहावी. वर्षाच्या बाबतीत स्मरणशक्ती सहज दगा देते, पण गोल कोणत्या बाजूने आला आणि पंचांच्या कोणत्या निर्णयावरून वाद झाला, हे लोकांना अनेकदा अचूक आठवते. दोन हकिगती जुळत नसतील, तर सांगणाऱ्यांच्या संघांचा उल्लेख करून दोन्ही द्याव्यात. प्रत्येक नोंदीत तारीख, मैदान, स्पर्धेची फेरी, अंतिम गोलसंख्या आणि गोल करणाऱ्यांची नावे याच क्रमाने असावीत, आणि जे समजले नाही त्याची जागा अंदाजाने न भरता कोरी ठेवावी, म्हणजे पुढे एखाद्याकडे जुने कात्रण सापडले तर ते नेमके कुठे बसवायचे हे त्याला कळेल.