बांधकाम परवानगीची फाइल दाखल करण्याआधी

आर्किटेक्टकडे जाण्याआधी घरी एक संध्याकाळ मोकळी काढा. खरेदीखत, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत आणि घरपट्टीची शेवटची पावती असे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा. पेन्सिलीने प्रत्येकावरचं मालकाचं नाव, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ यांना गोल करा. परवानगीच्या फायली तयार करणं हेच माझं रोजचं काम आहे. नकाशातल्या चुकांमुळे फाइल परत येते तेव्हा ती दोन दिवसांत दुरुस्त होते. या गोलांमध्ये मेळ नसेल तर महिने जातात.

आधी क्षेत्रफळ बघू. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात त्यात, प्लॅनवरच्या क्षेत्रफळाच्या तक्त्याची पहिलीच ओळ याची असते. मालकीच्या कागदावरचं, मोजणीच्या नकाशातलं आणि जागेवर प्रत्यक्ष भरणारं अशी तीन क्षेत्रफळं लिहायची आणि त्यातलं सगळ्यात कमी ते धरायचं. सातबाऱ्यावर दोन गुंठे, म्हणजे २०२ चौरस मीटर आहेत आणि मोजणीत १८८ च भरले, तर तुमचा प्लॉट १८८ चा. महापालिका हद्दीतल्या साध्या निवासी प्लॉटला मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१ मिळतो, १४ मीटर गेले की साधारण १५ चौरस मीटर बांधकाम गेलं, म्हणजे एक खोलीच. हे घराचं स्वप्न रंगवून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. म्हणून मोजणीचा अर्ज भूमि अभिलेख कार्यालयात सगळ्यात आधी टाका, बाकीचे कागद त्या काळात जमा होतात. मोजणीच्या दिवशी स्वतः जागेवर हजर राहा, शेजाऱ्यांनाही बोलवा आणि हद्दीच्या खुणांचे फोटो काढून ठेवा. खुंट्या पावसाळ्यानंतर सापडत नाहीत.

आता नाव. आमच्या स्वतःच्या घराच्या फाइलीत आजोबांच्या मागे वारसनोंद झाली तेव्हा आत्याचं नाव लागलं होतं आणि ते आम्ही सगळेच विसरलो होतो. आत्याने हक्क सोडायचं वीस वर्षांपूर्वी तोंडी कबूल केलं होतं, पण तोंडी हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदवा, त्यावरून फेरफार मंजूर होऊ द्या आणि नवा सातबारा काढा, एवढं होईस्तोवर विटा येऊन पडल्या होत्या. दुसऱ्यांच्या फायली लावणाऱ्या माणसाची ही गत! तेव्हा सातबाऱ्यावर फक्त नाव वाचून थांबू नका, ‘इतर हक्क’ हा रकाना बोट ठेवून वाचा. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, वारसांची नावं, एखादा दावा, सगळं तिथे असतं. भूधारणा पद्धतीत ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलं असेल तर आर्किटेक्टच्या आधी महसूलच्या जाणकाराला भेटा, कारण त्या जमिनीवर शासनाच्या अटी असतात. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेला असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्याचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. स्टँपपेपरवर नोटरी करून घेतलेल्या गुंठ्यावर मी फाइल घेतच नाही.

एन.ए.चा, म्हणजे शेतजमिनीच्या अकृषिक वापराचा प्रश्न हटकून येतो. विकास योजना, म्हणजे कुठल्या जमिनीचा वापर काय हे ठरवणारा आराखडा, मंजूर झालेल्या भागात आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४२ब आणि ४२ड कलमांमुळे योजनेतल्या वापरासाठी वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. त्यापोटी जी रक्कम भरावी लागेल तिची पावती मात्र फाइलीत हवीच.

पुढचा कागद झोन दाखला, म्हणजे विकास योजनेत तुमचा प्लॉट कुठल्या विभागात आहे ते सांगणारा, आणि त्यासोबतचा भाग नकाशा, म्हणजे योजनेच्या नकाशातला तेवढा तुकडा. लोक हा फक्त यादीत आहे म्हणून आणतात आणि वाचत नाहीत. वाचा. प्लॉट निवासी विभागात आहे का, समोरचा रस्ता आज किती रुंद आहे आणि योजनेत किती दाखवलाय, रुंदीकरणाची रेषा तुमच्या कंपाउंडच्या आत येते का, शाळेचं किंवा बागेचं आरक्षण कोपऱ्याला शिवतंय का. नदी किंवा ओढा जवळ असेल तर पूररेषा विचारा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत घर बांधायचा विचार सोडा. रेल्वेची हद्द ३० मीटरच्या आत असेल तर रेल्वेचं ना हरकत पत्र लागेल. झाड तोडावं लागणार असेल तर शहरी भागात १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.

झोन दाखला मात्र आजचा असतो, योजना बदलत राहते. त्यामुळे जाहीर सूचनांवर नजर ठेवणं हेसुद्धा तयारीतच धरा. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की हरकती आणि सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. ती पेपरात छापतात, कार्यालयाच्या फलकावर लावतात, संकेतस्थळावर टाकतात. आपल्याकडे मुदत संपल्यावर गल्लीत चर्चा सुरू होते. हरकत लेखी द्या, गट नंबर आणि नकाशाचा तुकडा जोडा आणि पोचेवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. सुनावणीला बोलावलं तर जा. गावात असाल तर ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत रस्ता, गटार, पाणीयोजना असे विषय दिसतात. तुमच्या दारातून कुठली लाइन जाणार हे तिथेच आधी कळतं.

प्लॉट लहान असेल तर आनंदाची गोष्ट आहे. २०२० च्या अखेरीस लागू झालेल्या यूडीसीपीआरने १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर परवानगीची वाट बघणं काढून टाकलं. परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीने नकाशा आणि कागद सादर करायचे, शुल्क भरायचं आणि ती पोच म्हणजेच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरला तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी. बृहन्मुंबईला आणि आणखी काही क्षेत्रांना ही नियमावली नाही, त्यांचे नियम निराळे. शिवाय एक गंमत आहे. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दीड गुंठ्याचे होतात १५१.७५. पावणेदोन मीटरनी तुम्ही पुढच्या गटात! दीड गुंठेवाले हटकून पहिल्या गटात बसायला बघतात, म्हणून मोजणीचा आकडा हातात असू द्या. आणि परवानगी सोपी झाली म्हणजे सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून घरापर्यंत मोकळी सोडायची जागा, माफ झाली असं नाही. ती सोडावीच लागतात, सहीची जबाबदारी तज्ज्ञाची आणि भिंत पाडायची वेळ आली तर ती तुमची.

नकाशांचं काम आर्किटेक्टचं, पण सही करण्याआधी दोन गोष्टी बघा. नवं काम लाल रंगात आणि पाडायचं काम पिवळ्या रेघांत दाखवतात; जुनी खोली ठेवायची असताना पिवळी झालेली मी पाहिली आहे. दुसरं, प्लॉट ५०० चौरस मीटर किंवा मोठा असेल तर पावसाचं पाणी जिरवण्याची सोय नकाशात असलीच पाहिजे. स्ट्रक्चरल इंजिनिअर आत्ताच नेमा. शुल्काचा अंदाज मागताना विकास शुल्कासोबत कामगार उपकरही विचारा. तो बांधकाम खर्चाच्या १ टक्का असतो आणि स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर लागत नाही.

अर्ज बहुतेक ठिकाणी ऑनलाइन जातो. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असा करा, मोबाइलवर काढलेला तिरका फोटो त्रुटीत निघतो. त्रुटीचं पत्र आलं की सगळ्या मुद्द्यांचं उत्तर एकदम द्या. बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र (जोत्यापर्यंतचं काम नकाशाप्रमाणे झाल्याचं), भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेलं घर वापरायला घेण्याचं) या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात, तेव्हा मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण हे फलकावरून टिपून घ्या. नगररचना अधिनियमात ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायची, म्हणजे मानीव परवानगीची तरतूद आहे, पण प्लॅन नियमात तंतोतंत बसत असेल तरच. तिच्या भरवशावर खड्डा खणू नका.

परवानगी मिळाली की ती एक वर्ष चालते. मुदतवाढ दरवर्षी मागून घ्यावी लागते, तीही जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहा. मंजूर नकाशाची एक प्रत साइटवर प्लास्टिकच्या पिशवीत टांगून ठेवा, मिस्त्रीच्या खिशातली नको. जोत्यापर्यंत काम आलं की कार्यालयाला कळवायचं आणि तपासणी होईपर्यंत वर चढायचं नाही, हे सेंट्रिंगवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा. एका घरमालकाने मधल्या काळात जिना फुटभर सरकवला होता. जोते तपासायला आलेल्या इंजिनिअरने टेप लावला, नकाशा उलगडला आणि काही न बोलता दोन्ही आकडे घरमालकाला वाचायला दिले. त्यानंतर सुधारित प्लॅन, पुन्हा शुल्क, आणि पावसाळा उघड्या जोत्यावर.