लेथवर शेवटचा कट घाबरत मारला आणि जॉब गेला

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवून कापायच्या मशीनवर, नवीन असाल तर स्पीड, फीड, आरपीएमचा फॉर्म्युला हे तुम्हाला येतंच असं धरून चालतो. चक की, म्हणजे जॉब पकडणारा चक आवळायची चावी, चकमध्ये विसरायची नाही आणि हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ जायचं नाही, हेही कोणीतरी ओरडून सांगितलंच असेल. मी सांगतोय ते मला वाचून माहीत होतं, पण डोक्यात शिरायला एक शाफ्ट भंगारात जावा लागला.

304 स्टेनलेसचा शाफ्ट होता, व्यास 30 मिमी, टॉलरन्स वर शून्य आणि खाली 21 मायक्रॉन, म्हणजे 29.979 ते 30.000 मध्येच बसायला हवा. रफिंग, म्हणजे सुरुवातीचे जाड कट, मस्त झालं. मग साइज जवळ यायला लागली तशी माझी फाटायला लागली, आणि मी कट बारीक बारीक करत गेलो. मायक्रोमीटरवर 30.06 आलं. म्हटलं आता 0.06 दिलं की झालं. दिलं, मोजलं तर 30.05. परत 0.05 दिलं, 30.04. जॉब आरशासारखा चकाकतोय, मला वाटलं वा काय फिनिश आहे. परत 0.04 दिलं आणि टूल एकदम आत घुसलं, 29.91. जॉब रिजेक्ट.

आता हिशोब करा. डायलवर मी एकूण 0.15 दिलं होतं, 30.06 मधून वजा केलं की बरोबर 29.91 येतं. म्हणजे मशीन खोटं बोललं नव्हतं, दिलेलं सगळं त्याच्या खात्यात जमा होतं, फक्त टूल कापत नव्हतं, घासत होतं. इन्सर्टची, म्हणजे टूलला लावलेल्या कापणाऱ्या टिपची, धार आपल्याला ब्लेडसारखी वाटते पण ती मुद्दाम किंचित गोल केलेली असते, आणि माझ्या टिपचा नोज रेडियस, म्हणजे टोकाची गोलाई, 0.8 मिमी होता. व्यासावर 0.06 म्हणजे एका बाजूला फक्त 0.03. एवढा पातळ पापुद्रा धारेच्या गोलाईखाली दाबला जातो, टूल मागे ढकललं जातं, जॉबही थोडा वाकतो. त्यात स्टेनलेस, घासलं की वरचा थर अजून कडक होतो, मग पुढचा कट त्या कडक थरावर. दाब साठत जातो आणि कधीतरी धार पकडते. तो चकचकीतपणा फिनिश नव्हताच. सिनियरनी येऊन एवढंच विचारलं, "चिप कुठंय?" मी खाली बघितलं, ट्रेमध्ये कापलेल्या धातूच्या चिपऐवजी नुसती चमचमणारी भुकटी.

यावर मी आता काय करतो ते सांगतो. साइजच्या वर 1.5 मिमी राहिलं की थांबायचं आणि ते तीन सारख्या कटमध्ये काढायचं, प्रत्येकी 0.5. टिप 0.4 रेडियसची लावायची, म्हणजे बाजूचा 0.25 तिला नीट कापता येतो. स्पीड, फीड, कूलंट तिन्ही वेळा तेच. पहिल्या कटनंतर मोजायचं, दुसऱ्यानंतर मोजायचं, दिलं किती आणि निघालं किती यातला फरक कळतो आणि तेवढी दुरुस्ती तिसऱ्यात करायची. तिन्ही कटना टूलवर दाब सारखाच येतो म्हणून तिसरा दगा देत नाही. पहिल्यांदा 0.5 चा फिनिश कट देताना पोटात गोळा येईल, येऊ दे, द्या.

आणि ते एमरी पेपर लावून साइज काढायचं कोणी शिकवलं तर माझ्या मते त्याच्याकडून बाकी काहीही शिका, हे शिकू नका. गोलाई जाते, आणि पेपर बोटाभोवती गुंडाळून धरलात तर बोटही जाईल. "हाताला आपोआप कळतं" म्हणणाऱ्या सिनियर लोकांवरही माझा राग आहे, त्यांच्या हाताला कळतं कारण त्यांनी आपल्याआधी ढीगभर जॉब घालवलेत, पण ते सांगत नाहीत.

बाकी एक शाफ्ट गेला म्हणून कोणी घरी पाठवत नाही, मला नाही पाठवलं. फक्त मोजायच्या आधी जॉब गार होऊ द्या. 30 व्यासाचं हे स्टेनलेस 30 अंशांनी तापलं तर जवळजवळ 15 मायक्रॉन फुगतं, आणि तुमच्याकडे आहेतच मुळात 21.