लेसर लावताना या चुका टाळा

गणपती, नवरात्र, कॉलेजचं गॅदरिंग, यात्रेतला ऑर्केस्ट्रा. इतकी वर्षं लाइटचं काम करतोय आणि दर मोसमात त्याच त्या चुका बघून जीव कासावीस होतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे लेसरला शार्पीच्या, म्हणजे स्टेजवरच्या फिरत्या झोतदिव्याच्या, हिशोबाने वापरणं. शार्पीने डोळे दिपले तरी थोड्या वेळात निवळतात. लेसरचा किरण लांबवर जाऊनही फारसा पसरत नाही, आणि डोळ्यातलं भिंग तो पडद्यावर टाचणीच्या टोकापेक्षाही लहान जागी गोळा करतं. ५ वॅटचा चांगला, अरुंद किरण स्थिर ठेवला, तर ५० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यावर सुरक्षित मर्यादेच्या सुमारे ८० पट प्रकाश पडतो. ही मर्यादाच मुळात पाव सेकंदासाठी, म्हणजे पापणी मिटेपर्यंतच्या वेळेसाठी धरलेली आहे. त्यामुळे 'डोळे आपोआप मिटतात की' हे उत्तर मला कुणी देऊ नये.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका विसर्जन मिरवणुकीत मी जनरेटर सांभाळत होतो. लेसर दुसऱ्याचा होता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पाइपला क्लॅम्पने आवळलेला. निघताना किरण माणसांच्या डोक्यावरून जाताहेत हे त्याने बघितलं होतं, तेवढं खरं. चौकाच्या अलीकडे ट्रॉलीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं, पाइप फिरला आणि किरणांचा हिरवा पंखा समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत शिरला. तिथे बायका-पोरं मिरवणूक बघत उभी होती. ओरडाओरडा करून लेसर बंद करायला लावेपर्यंत अर्धा मिनिट तरी गेला. त्या गॅलरीत माझ्या मित्राचा अकरा वर्षांचा भाचा होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो उजव्या डोळ्यावर हात ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. म्हणाला, "काका, आकडे दिसतात, काटे दिसत नाहीत." डाव्या डोळ्याच्या पडद्यावर ऐन मध्यभागी रक्तस्राव झाला होता. रक्त हळूहळू विरलं, पण वाचताना मधलं अक्षर त्याला अजून पुसट दिसतं.

तेव्हापासून चालत्या गाडीवर मी लेसर लावत नाही, कुणी दुप्पट पैसे दिले तरी. अमेरिकेत प्रेक्षकांच्या जमिनीपासून ३ मीटर उंच आणि बाजूने २.५ मीटर लांब किरण ठेवावा लागतो. आपल्या गल्लीत ३ मीटरवर गॅलरी असते आणि बापाच्या खांद्यावर पोर बसलेलं असतं. हा नियम मिरवणुकीत पाळायचा कसा, ते मला कुणी दाखवून द्यावं.

स्टेजवर मी आधी सगळ्यात कमी पॉवरवर, मैदान रिकामं असताना, किरणाची खालची कड कुठे लागते ते मागच्या भिंतीवर चिकटपट्टीने खुणावतो. मग लेसरच्या तोंडाशी काळी पत्र्याची पट्टी बसवतो, म्हणजे सॉफ्टवेअर चुकलं तरी किरण खाली उतरत नाही. याला तासभर लागतो. नव्या पोरांना हा तास जड जातो. आज ऑनलाइन लेसरचा डबा मागवायचा, उद्या संध्याकाळी ट्रसला, म्हणजे लाइटच्या लोखंडी चौकटीला, टांगायचा, साउंड मोडवर टाकायचा आणि जेवायला जायचं! साउंड मोडमध्ये किरण कुठे जाईल ते ढोल ठरवतो, आणि किरण फिरवणारा आतला आरसा अडकला तर पूर्ण ताकदीचा एकच किरण एका जागी थांबतो. म्हणून ऑपरेटरने जागा सोडायची नाही आणि लाल स्टॉप बटण हाताशी ठेवायचं. ज्या डब्याला ते बटण जोडताच येत नाही, तो विकतच घेऊ नका.

ऐनवेळी सेटअप बदलणं ही दुसरी मोठी चूक. जुलै २००८ मध्ये मॉस्कोजवळच्या ॲक्वामरीन महोत्सवात किरण आकाशात सोडायचे ठरले होते. पाऊस आला, तंबू उभारले, आणि तेच लेसर आतल्या गर्दीवर चालले. तीसेक जणांच्या दृष्टीला कायमची इजा झाली. मंडपाचं छत एक फूट जरी हललं तरी मी चिकटपट्टीपासून पुन्हा सुरुवात करतो.

निळा मंद दिसतो म्हणून त्याची पॉवर वाढवू नका. आपल्या डोळ्याला निळा कमी दिसतो, भाजतो मात्र तेवढाच.

चकचकीत स्टील, काचा, गाड्यांचे आरसे वाटेत नकोत.

विमानतळाच्या टापूत आकाशात किरण सोडू नका, उतरताना वैमानिकाचे डोळे दिपतात.

परवानगीचं 'आयोजकाने बघितलं असेल' असं धरून चालू नका. २०२३ च्या विसर्जनानंतर राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांकडे असे रुग्ण आले, आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली लेसरला मनाई केली. असा आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं, दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर १२५. मी मनाई नसल्याची खात्री पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन करतो आणि कागद हातात आल्याशिवाय गाडी भरत नाही.

आणि कुणाच्या डोळ्यात किरण गेलाच, तर डोळा चोळू देऊ नका, घरातले थेंब घालू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका, डोळ्याचा पडदा जळला तरी दुखत नाही. त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या, आणि लेसर किती वॅटचा, कोणत्या रंगाचा, किती अंतरावरून लागला, हे ऑपरेटरने स्वतः सोबत जाऊन सांगावं.